वाळूचा कणही आपले गाव सांगतो

२०२२ च्या जानेवारीतला चौथा सोमवार. मुंबईत कोरोनाची तिसरी लाट ओसरू लागली होती, पण खोकला घेऊन बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत अजून तीच एक शंका असे. त्या सकाळी रांगेत दम्याचे जुने रुग्ण बरेच दिसत होते. त्यांत एक टॅक्सीचालक काका होते. वर्षानुवर्षांची ओळख. छातीत घरघर, दोन वाक्यांमध्ये धाप. तपासून झाल्यावर त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला. टॅक्सीच्या टपावर पिठासारखी पांढुरकी भुकटी पसरलेली होती. "डॉक्टरसाहेब, रविवारी सकाळी गाडी धुतली आणि दुपारी ही अशी. आमच्या गल्लीत बांधकाम नाही, काही नाही. ही धूळ आली कुठून?"

मी सांगितले, की कराचीकडे धुळीचे वादळ उठले होते. ते अरबी समुद्रावरून सौराष्ट्रावर आणि तिथून मुंबई-पुण्यापर्यंत आले. धाप लागलेली असतानाही काका हसले. "म्हणजे हिला पासपोर्ट लागत नाही तर!"

औषध देऊन, वाफ देऊन काकांना घरी पाठवले. त्यांचा प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. उपग्रहांच्या छायाचित्रांमुळे त्या वादळाचा एक-दोन दिवसांचा प्रवास आपल्याला दिसला. पण तो झाला शेवटचा टप्पा. ज्या वाळवंटी पट्ट्यातून अशी वादळे उठतात, तिथली वाळू आणि माती तरी तिथे कुठून आली? आमच्या वैद्यकशास्त्रात रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न 'काय होतंय' हा असतो आणि लगेच पुढचा 'कधीपासून, कुठून सुरू झालं' हा. भूशास्त्रज्ञ गेली काही दशके वाळूच्या कणाला नेमके हेच विचारत आहेत. त्यांना मिळालेली उत्तरे रंजक तर आहेतच, पण आपल्या श्वासाशीही त्यांचा संबंध आहे. म्हणून आजच्या स्तंभात थोडी वाळू चाळू या.

सगळे कण सारखेच दिसतात

वाळवंटातली वाळू तिथल्याच खडकांची उन्हाने झालेली भुकटी, असा आपला सर्वसाधारण समज असतो. दिवसा तापणे, रात्री गार होणे, त्याने खडक तडकणे, हे खरे आहे. पण तेवढ्याने वाळूचे समुद्र भरत नाहीत. जगातल्या अनेक मोठ्या वाळवंटांची वाळू पाण्याने आणलेली आहे. डोंगर झिजवायचे आणि लाखो टन गाळ शेकडो कोस वाहून न्यायचा, हे काम नदी वाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त करते. नदीने आणून टाकलेली वाळू कोरडी पडली, की मग वारा तिचा ताबा घेतो.

पण हे सिद्ध कसे करायचे? वाळूचा मोठा भाग असतो क्वार्ट्झचा, म्हणजे आपल्या गारगोटीचा. क्वार्ट्झ कठीण, सहज न विरघळणारे, म्हणून लांबच्या प्रवासात तेच टिकून राहते. हिमालयातले असो की अरवलीतले, दिसायला दोन्ही तेच. दवाखान्यात ताप घेऊन दहा जण येतात तेव्हा असेच होते. ताप सगळ्यांना सारखाच; मलेरिया कोणता, डेंग्यू कोणता, विषमज्वर कोणता हे कपाळाला हात लावून कळत नाही. रक्त तपासावे लागते. वाळूच्या बाबतीत ही तपासणी म्हणजे भूरसायनशास्त्र.

त्यातली सर्वांत विश्वासाची तपासणी झिरकॉन नावाच्या खनिजाची. दागिन्यांच्या दुकानात 'अमेरिकन डायमंड' म्हणून मिळणारा खडा हा नव्हे. तो कारखान्यात तयार होतो. खरा झिरकॉन तप्त शिलारस थंड होताना स्फटिक होऊन बसतो आणि मग सहजी मरत नाही. खडक फुटतो, नदीत घरंगळतो, वाऱ्याने घासला जातो, तरी झिरकॉनचा बारीक कण शाबूत राहतो. वाळूत त्याचे प्रमाण अगदी थोडे, पण प्रत्येक कणाच्या पोटात त्याचा जन्मदाखला असतो.

तो दाखला असा. झिरकॉन तयार होताना युरेनियमला आत घेतो, शिशाला मात्र जवळजवळ दारातच अडवतो. म्हणजे आज त्यात जे शिसे सापडते, ते बहुतेक सगळे युरेनियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून आतल्या आत झालेले असते. युरेनियम-२३८ चा अर्धा साठा संपायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, युरेनियम-२३५ चा संपायला सुमारे ७० कोटी. एकाच कणात दोन घड्याळे. दोन्हींची वेळ जुळली, की वय भरवशाचे. प्रयोगशाळेत लेसरच्या झोताने कणाचा अतिसूक्ष्म भाग उडवतात आणि वस्तुमान वर्णपटमापीत युरेनियम-शिशाचे प्रमाण मोजतात. वाळूच्या एका नमुन्यातले शंभर किंवा त्याहून अधिक झिरकॉन असे तपासले, की त्यांच्या वयांचा एक आलेख मिळतो. प्रत्येक पर्वतरांगेचा आलेख वेगळा, जसा प्रत्येकाच्या बोटाचा ठसा वेगळा.

दुसरी तपासणी निओडिमियम आणि स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांची. सॅमॅरियम या मूलद्रव्याच्या एका प्रकाराचा अतिशय संथ ऱ्हास होऊन निओडिमियम-१४३ तयार होते. खंडांच्या जुनाट खडकांत त्याचे प्रमाण कमी असते, पृथ्वीच्या पोटातून अलीकडे वर आलेल्या लाव्हात जास्त. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, आणि हिमालयातले बरेच खडक त्याहून फार जुन्या खंडीय द्रव्याचे. त्यामुळे सह्याद्रीची माती आणि हिमालयाची माती या तपासणीत वेगळ्या ओळखू येतात, मग ती कितीही बारीक दळलेली असो. ही गोष्ट लक्षात ठेवा; शेवटी ती आपल्याच कामी येणार आहे.

थरची वाळू कोणाची?

आता आपल्या शेजारच्या वाळवंटाकडे येऊ. थरचे वाळवंट सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचे. त्याचा मोठा भाग राजस्थानात, उरलेला बहुतेक पाकिस्तानच्या सिंध आणि पंजाब प्रांतांत. इथल्या वाळूच्या उगमाबद्दल तीन संशयित होते. पहिला, स्थानिक खडक: पूर्वेची अरवली आणि जोधपूर परिसरातले मलानी ज्वालामुखी खडक. दुसरा, हिमालयातून उतरून या भागातून वाहिलेल्या आणि नंतर आटलेल्या किंवा वळलेल्या नद्या. तिसरी, सिंधू.

संशयितांची वये ठाऊक आहेत. मलानी खडक सुमारे ७५ कोटी वर्षांचे. हिमालयाच्या निरनिराळ्या पट्ट्यांतले झिरकॉन साधारण ५० कोटी, १०० कोटी आणि १८० कोटी वर्षांच्या आसपास गर्दी करतात. काराकोरम आणि कोहिस्तान या सिंधूच्या उगमाकडच्या प्रदेशांत मात्र १२ कोटी वर्षांहूनही तरुण झिरकॉन विपुल आहेत, आणि असे कण सिंधूच्या खोऱ्यात अन्यत्र फारसे नाहीत. म्हणजे वाळूत हे तरुण कण सापडले, की ती सिंधूच्या हातून आली असे समजावे.

एमी ईस्ट, पीटर क्लिफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात थरच्या वाळूची सिंधू आणि तिच्या उपनद्यांच्या वाळूशी अशीच गाठ घालून पाहिली. थरच्या पश्चिम भागातील वाळूचे जवळचे नाते निघाले ते सिंधूच्या खालच्या पात्राशी आणि मुखाकडच्या प्रदेशाशी. म्हणजे प्रवास असा: काराकोरमची बर्फाच्छादित शिखरे झिजली, सिंधूने तो चुरा हजारभर मैल वाहून सिंधमध्ये आणला, आणि तिथून नैर्ऋत्येच्या वाऱ्याने तो उचलून पुन्हा ईशान्येकडे, आत जमिनीवर, टेकड्या करून रचला. सगळ्या थरला हे एकच उत्तर लागू पडते असे नाही. वाळवंट मोठे आहे आणि जागोजागी स्थानिक खडकांची भरही आहे. पण मुख्य पुरवठादार कोण, याचा अंदाज आला. व्यवहार एकतर्फीही नाही. ओला काळ आला, की नद्या टेकड्यांच्या कडा खरवडून तीच वाळू पुन्हा पोटात घेतात. एकच कण नदीतून वाळवंटात आणि वाळवंटातून नदीत अशा फेऱ्या मारतो.

नैर्ऋत्येचा वारा म्हणजे आपला मोसमी वारा. कोकणात जो पाऊस आणतो, तोच थरमध्ये पाऊस पोहोचण्याआधीच्या कोरड्या महिन्यांत वाळू हाकतो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले अशोक सिंघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे या टेकड्यांची वये काढली. त्यांची पद्धत वेगळी. वाळूचा कण उन्हात असतो तोवर त्यात साठलेली किरणोत्सारी ऊर्जा निघून जाते. गाडला गेला, की पुन्हा साठू लागते. अंधारात नमुना घेऊन, प्रयोगशाळेत त्याला उजेड दाखवून ती ऊर्जा बाहेर काढली, की त्याने सूर्य शेवटचा कधी पाहिला ते कळते. यातून दिसलेली एक गोष्ट आपल्या समजुतीला धक्का देणारी आहे. थरच्या टेकड्या सर्वाधिक वाढल्या त्या हिमयुगाच्या ऐन कडाक्यात नव्हे, तर तो ओसरून मोसमी वारे पुन्हा जोर धरू लागले तेव्हा. वाळवंट वाढायला नुसता कोरडेपणा पुरत नाही. वाळू पुरवणारी नदी आणि ती हलवणारा वारा, दोघेही लागतात.

असे उदाहरण हे एकटेच नाही. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे नामिबचे वाळवंट घ्या. तिथली वाळूही मुख्यतः एका नदीची, ऑरेंज नदीची. ही नदी लेसोथोच्या डोंगरांत उगम पावते. ते डोंगर आपल्या दख्खनसारखेच लाव्हाचे. नदीने वाळू अटलांटिक महासागरात ओतली, लाटांनी ती किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे सरकवली आणि दक्षिणेच्या वाऱ्याने जमिनीवर चढवली. वैश्विक किरणांमुळे कणांत तयार होणाऱ्या दुर्मिळ समस्थानिकांवरून २०१० साली संशोधकांनी दाखवले, की त्यातली वाळू किमान दहा लाख वर्षे त्या वाळवंटात फिरते आहे.

'कुठून' आणि 'केव्हा' हे दोन प्रश्न

इथे एक सावधगिरी सांगायला हवी, कारण वाळूच्या या तपासण्यांचा हवाला आपल्याकडे वादातही दिला जातो. थरच्या उत्तर कडेला घग्गर-हाक्रा नदीचे कोरडे पात्र आहे. काही जण तिलाच वेदांतली सरस्वती मानतात. हडप्पा संस्कृतीची अनेक गावे तिच्या काठाने आहेत. या पात्राच्या पोटात, वाळूच्या थरांखाली, हिमालयातले कण आहेत यावर आता फारसा वाद नाही. वाद आहे तो ते कण तिथे केव्हा आले, यावर.

२०१२ मध्ये क्लिफ्ट यांच्या गटाने झिरकॉनच्या आधारे म्हटले, की यमुना एके काळी या बाजूला वाहत होती, पण सुमारे ४९ हजार वर्षांपूर्वीच पूर्वेकडे गेली, आणि सतलजही सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत दूर झाली. २०१७ मध्ये आयआयटी कानपूर आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी सांगितले, की सतलजने हे पात्र सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीपर्यंत सोडले होते. म्हणजे हडप्पाची नगरे वसली ती भरून वाहणाऱ्या हिमनदीच्या काठी नव्हे, तर सोडून दिलेल्या पात्राकाठी. २०१९ मध्ये भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी अभ्रकाच्या कणांची वये आणि स्ट्रॉन्शियम-निओडिमियम पाहून वेगळे मत मांडले: सुमारे नऊ ते साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या काळात ही नदी पुन्हा बारमाही होती.

एका वाचकाला वाटेल, हे काय, शास्त्रज्ञांचेच एकमत नाही! मला यात काही गैर वाटत नाही. झिरकॉन सांगतो तो कणाचा जन्म, त्याचा मुक्काम नव्हे. शिवाय जुन्या थरातला कण उकरून नव्या थरात येऊ शकतो. म्हणून 'कुठून' याचे उत्तर एका तपासणीतून आणि 'केव्हा' याचे दुसऱ्या तपासणीतून काढून दोन्ही जुळवावी लागतात, आणि त्या जुळणीत मतभेद होतात. आमच्याकडेही एक्स-रेवर जुना व्रण दिसतो. तो आजच्या तापाचे कारण आहेच असे नाही. चूक तेव्हा होते, जेव्हा निदान आधी ठरवून मग त्याला साजेसा रिपोर्ट शोधला जातो. वाळू कोणाच्या बाजूने बोलत नाही. तिला आपल्या बाजूने बोलायला लावले, की आपण विज्ञानातून बाहेर पडलो.

फुप्फुसात कोण पोहोचते?

आता आरोग्याचा मुद्दा. वाळवंटातल्या टेकडीचा कण साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा असतो. आपल्या केसाच्या जाडीच्या काही पट. तो डोळ्यांत जातो, दातांखाली कचकचतो, पण फुप्फुसाच्या तळाशी पोहोचत नाही, आणि कराचीहून मुंबईलाही येत नाही. वाऱ्यावर उड्या मारत काही अंतर जातो आणि पडतो. फुप्फुसात खोलवर जातात ते ०.०१ मिलिमीटरहून, म्हणजे दहा मायक्रॉनहून बारीक कण, आणि अगदी वायुकोशांपर्यंत जातात ते त्याहूनही बारीक.

मग वाळू निर्दोष का? नाही. उड्या मारणारा वाळूचा कण आदळतो तेव्हा जमिनीच्या कोरड्या पापुद्र्यातली बारीक माती उधळतो. विशेषतः आटलेल्या तळ्यांचे तळ आणि नद्यांचे सुकलेले काठ यांत हे बारीक द्रव्य भरपूर असते. म्हणूनच जगातल्या सर्वांत मोठ्या धूळउगमांपैकी एक उंच टेकड्यांत नसून, चाडमधल्या बोडेले या खोलगट भागात, एका विशाल प्राचीन तळ्याच्या कोरड्या तळावर आहे. तिथली धूळ अटलांटिक ओलांडून अॅमेझॉनच्या जंगलापर्यंत जाते. वाळू हा हातोडा. धूळ ही त्याने उडवलेली ठिकरी.

या धुळीचे वैद्यकीय परिणाम आपल्याच देशात नोंदवले गेले आहेत, आणि तेही सिंधूच्या काठी. १९९१ साली लडाखमधील गावांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लेहजवळच्या चुशोतसारख्या, सिंधूच्या काठच्या गावांत, खाणीत किंवा कारखान्यात कधीही काम न केलेल्या लोकांच्या छातीच्या एक्स-रेमध्ये सिलिकोसिससारखे बदल दिसले. वसंतात तिथे धुळीची वादळे होतात आणि थंडीत बंद घरांत चुलीचा धूर कोंडतो. मृत्यूनंतर तपासलेल्या फुप्फुसांतल्या धुळीत सिलिका मोठ्या प्रमाणात मिळाली. फुप्फुसातली ही धूळ कुठली, हा प्रश्न त्या डॉक्टरांनी विचारला म्हणून कळले. नाही तर त्यांतल्या अनेकांच्या केसपेपरवर 'जुनाट खोकला' एवढेच लिहिले गेले असते.

याची दुसरी बाजू राजस्थानच्या दगडखाणींत आहे. करौली-धोलपूरचा गुलाबी दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीची वाळूच, दाबाने घट्ट झालेली. छिन्नी-यंत्राने तो कापला, की त्यातले क्वार्ट्झ ताजे फुटते. वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेल्या जुन्या कणापेक्षा ताज्या फुटलेल्या सिलिकेचा पृष्ठभाग फुप्फुसाला जास्त घातक असतो. सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही, आणि तो असलेल्याला क्षयाचा धोका कितीतरी पट वाढतो. राजस्थानने २०१९ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण आणले. आपल्याकडच्या खडी-क्रशरवर, दगड आणि फरशी कापण्याच्या कामावर राबणारे मजूरही आमच्याकडे येतात, आणि अनेकदा क्षयाच्या गोळ्यांचा दुसरा-तिसरा कोर्स चालू असताना येतात. 'काम काय करता, कुठे करता' हा एक प्रश्न आधी विचारला गेला असता, तर काही वर्षे तरी वाचली असती. हे मी दुसऱ्या कोणाला म्हणत नाही. गर्दीच्या ओपीडीत हा प्रश्न माझ्याकडूनही राहून गेलेला आहे.

उगम कळला, की सबब संपते

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, वाळू काराकोरमची निघाली काय आणि अरवलीची निघाली काय, आपण करणार काय? माझे म्हणणे एवढेच, की उगम कळल्याशिवाय जबाबदारी ठरत नाही आणि जबाबदारी ठरल्याशिवाय उपाय होत नाही.

कॅलिफोर्नियातले ओवेन्स तळे हे त्याचे उदाहरण. लॉस एंजेलिस शहराने १९१३ पासून ओवेन्स नदीचे पाणी कालव्याने वळवले. काही वर्षांत तळे आटले आणि त्याचा तळ अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या धूळउगमांपैकी एक बनला. धूळ कुठून येते आणि ती का येते हे नि:संशय दाखवता आले, म्हणून शहराला ती आवरण्यासाठी २०० कोटी डॉलरहून अधिक खर्च करावा लागला. वाळवंटाची धूळ म्हणून हात झटकता आले नाहीत, कारण ते वाळवंट माणसाने केलेले होते. सिंधूचेही असेच काहीसे. धरणे आणि कालवे होण्यापूर्वी ती वर्षाला अंदाजे २५ कोटी टन गाळ मुखाकडे नेत असे. आज त्याचा लहानसा हिस्साच पोहोचतो. नदीत आणि तिच्या काठांवर आपण काय करतो, याचा हिशेब पुढे कधीतरी वाऱ्यावर येतो.

आता आपल्या शहरांकडे या. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून रस्त्यांवर पाण्याचे फवारे उडवणाऱ्या गाड्या दिसू लागल्या. फवाऱ्याने समोरची धूळ तासभर बसते, हे खरे. पण हवेचा निर्देशांक बिघडला, की एक वाक्य हमखास ऐकू येते: 'बाहेरून धूळ आली आहे.' कधी ते खरे असते, त्या जानेवारीत होते. पण बाकीच्या दिवसांचे काय? हे ठरवणे अशक्य नाही. मी आधी लक्षात ठेवायला सांगितले होते ते इथे उपयोगी पडते. सिंधूकडून येणाऱ्या धुळीत क्वार्ट्झ, अभ्रक आणि प्राचीन खंडीय खडकांची रासायनिक खूण असणार. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावरच्या, खडीच्या, खोदकामाच्या धुळीत काळ्या पाषाणाचे लोह-टायटॅनियम आणि सिमेंटचा चुना असणार. गाळण कागदावर जमलेल्या धुळीची ही तपासणी केली, की त्या दिवशीची धूळ पाहुणी किती आणि घरची किती, याचा अंदाज निघू शकतो. त्यासाठी लागणाऱ्या प्रयोगशाळा आणि माणसे देशात आहेत. घग्गरचा वाद त्यांनीच तर मांडला.

माझ्या अपेक्षा मोठ्या नाहीत. मोठी वादळे येतात तेव्हाचे आणि साध्या दिवसांचे गाळण कागद फेकून न देता जपून ठेवावेत. त्यांचे समस्थानिक तपासण्यासाठी भूशास्त्राच्या प्रयोगशाळांना नियमित काम आणि पैसा द्यावा. सरकारी रुग्णालयांनी धाप आणि दम्याच्या रुग्णांची रोजची संख्या तारखेसह काढून त्या नोंदींशेजारी ठेवावी. हे तर आमच्या हातातले आहे. धूळ बाहेरची असेल, तर ती थांबवणे महापालिकेच्या हातात नाही, पण आदल्या दिवशी इशारा देणे आहे: दमेकऱ्यांनी पंप जवळ ठेवावा, म्हाताऱ्यांनी आणि लहान मुलांनी घरात थांबावे, बाहेर पडणाऱ्यांनी चांगला मास्क लावावा. आणि धूळ घरची असेल, तर वाळवंटावर खापर फोडता येणार नाही. उघडे खोदकाम झाका, राडारोडा झाकून न्या, क्रशरवर पाणी मारा, मजुराला नीट बसणारा मास्क द्या. ही यादी जुनीच आहे. तिची अंमलबजावणी टाळण्याची सबब तेवढी काढून घ्यायची आहे.

ते टॅक्सीचालक काका अजून येतात. टॅक्सी आता मुलगा चालवतो. परवा फेब्रुवारीतल्या एका धुरकट सकाळी आले, तेव्हा बसता बसता त्यांनी विचारले, "साहेब, आजची कुठली? परत कराचीची का?" मी खिडकीबाहेर पाहिले. रस्त्यापलीकडे एक जुनी इमारत पाडण्याचे काम चालू होते, पडदा अर्धाच लावलेला होता.

"नाही काका," मी म्हटले. "आजची आपलीच आहे."